हनुवटीची वही

एप्रिल महिना, दुपारचे तीन, आणि लाइट गेलेली. सोलापुरात या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की माणसं एकतर झोपतात नाहीतर भांडतात. आमच्याकडे भांडण झालं, म्हणून हा लेख.

जागा म्हणजे अशोक चौकाच्या अलीकडचं माझ्या मावशीचं पार्लर. पार्लर कसलं, घराचीच पुढची खोली: एक फिरती खुर्ची, एक आरसा, वॅक्स तापवायचं भांडं आणि भिंतीवर सिद्धेश्वराचं कॅलेंडर. सव्वीस वर्षं झाली. आजोबा गिरणीत साच्यावर होते. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून हे गाव सुतावरच जगत आलं. पुढे गिरण्या बंद पडल्या, पण दोरा काही आपल्या घरातनं गेला नाही, असं मावशी म्हणते. पांढऱ्या सुती दोऱ्याचं एक टोक दातात, बाकीचा दोन्ही हातांच्या बोटांत पीळ देऊन धरलेला. ती तो हनुवटीवरून फिरवते तेव्हा कर्र-कर्र असा बारीक आवाज येतो. हा आवाज मी सतराव्या वर्षापासून ऐकते आहे. माझ्याच हनुवटीवर.

त्या दिवशी माझ्याबरोबर वहिनीही होती. वहिनी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तिला मावशीनंच बोलावलं होतं, कारण खुर्चीवर एक गुळगुळीत माहितीपत्रक पडलं होतं: लेझर मशीन, जुनं पण चालू, सुलभ हप्त्यांत. वर मोठ्या अक्षरांत, ‘कायमची केसमुक्ती, फक्त सहा बैठकांत’.

मावशी : पुण्याचा माणूस आहे. स्वतः येऊन बसवून देतो, दोन दिवस शिकवून जातो. पोरी रोज विचारायल्यात गं, मावशी लेझर कधी आणताय म्हणून. मी नाही आणलं तर सात रस्त्याला जातील.

वहिनी : दोन दिवसांत तो काय शिकवणार?

मावशी : बटण दाबायला.

मावशी विनोद करत नव्हती.

वहिनी : मावशी, हनुवटीवर केस आलेली पोरगी आली की तुम्हाला केस दिसतात. मी म्हणते, ते का आले ते आधी बघायला पाहिजे. नाहीतर काय होतं, वर छत गळत असतं आणि आपण खाली पातेली बदलत बसतो.

मावशी : पातेलं नाही ठेवलं तर घर भिजतं की. छत दुरुस्त होईस्तोवर पातेलं लागतंच.

खरं सांगायचं तर दोघींचा वाद इथंच संपला होता. पण त्यांना ते कळायला दोन तास लागले, आणि त्या दोन तासांत मला माझ्याच हनुवटीबद्दल जे कळलं ते तेरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

मावशीची बाजू आधी सांगते, कारण शिकलेल्या लोकांत ती फार लवकर बाजूला सारली जाते. तिच्याकडे येतात त्या पोरी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांत काम करणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बायकांच्या लेकी, नर्सिंगच्या मुली, अधूनमधून तेलुगूत कुजबुजणाऱ्या मायलेकी. सोलापूरच्या उन्हात पोरी तोंडाला स्कार्फ बांधतात यात नवल नाही. पण मावशी सांगते, काही पोरी जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेतही स्कार्फ सोडत नाहीत. त्या तिला लांबूनच ओळखू येतात.

मावशी : एक पोरगी होती. बघायला पाहुणे यायचे त्या दिवशी सकाळी सहाला दार वाजवायची. संध्याकाळपर्यंत सावली दिसायला लागते म्हणून. तिला मी काय सांगू, आधी रक्त तपासून ये? अगं, तिला दुपारी पोहे घेऊन बाहेर जायचं होतं.

वहिनी : तिच्या लग्नाचं मी नाही बोलत.

मावशी : पण ती त्याचंच बोलत होती ना. २०२४ला त्या उत्तर प्रदेशातल्या पोरीचं काय झालं? दहावीला सगळ्या राज्यात पहिली आली. लोकांनी मार्क बघितले नाहीत, ओठावरची लव बघितली. तुमचं हार्मोन तिथं कुठं आडवं आलं? आडवं आलं ते लोकांचं तोंड.

वहिनीनं यावर मान डोलावली. तिला वाद घालता येतो, पण ती खोटं बोलत नाही. डॉक्टर म्हणून आणि भावजय म्हणूनही मला तिचं हे आवडतं.

वहिनी : हे कबूल. आणि प्रत्येक केस म्हणजे आजार असंही नाही. आपल्याकडे किती घरांत आई, आजी, आत्या, सगळ्यांच्या ओठावर लव असते. पाळी वेळेवर, रक्त तपासलं तर सगळं ठीक. त्यांचे केस घालवायचे तर घालवावेत, नाहीतर ठेवावेत. पण मावशी, तुम्ही मला सांगा, लव आणि राठ केस यात फरक कळतो ना तुम्हाला?

मावशी : डोळे मिटून. लव दोऱ्याला आवाज करत नाही.

वहिनी क्षणभर गप्प झाली. मग हसली, आणि तिथून तिचा स्वर बदलला. आता ती शिकवत नव्हती, विचारत होती.

वहिनी : तेच. सगळ्या बायकांच्या अंगात थोडं पुरुषी संप्रेरक असतंच. काही अंडाशयात तयार होतं, काही मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींत. ते वाढलं, किंवा केसांची मुळंच त्याला जास्त दाद द्यायला लागली, की मऊ लवेचं राठ काळ्या केसात रूपांतर होतं. आणि होतं ते ठरावीक ठिकाणी. कोपराखालचे हात, पोटऱ्या यांवरच्या केसांचा हिशोब आम्ही धरत नाही. ते वॅक्सिंग तुमचं तुम्ही करा. १९६१ला फेरीमन आणि गॉलवे या दोघांनी अंगावरच्या जागा ठरवून गुण द्यायची पद्धत काढली. पुढे त्या जागा नऊ झाल्या: ओठाच्या वर, हनुवटी, छाती, पोटाचा वरचा भाग, बेंबीखाली, पाठ वर, पाठ खाली, दंड, मांड्या. प्रत्येकीला शून्य ते चार. बेरीज आठ झाली की आधी जास्त समजायचे. आता म्हणतात वंशाप्रमाणे चार ते सहापासूनच बघा.

मावशी : आणि हे गुण देतं कोण?

वहिनी : आम्ही. डॉक्टर.

मावशी : कधी बघता तुम्ही?

वहिनी : तपासायला येते तेव्हा.

मावशी : तपासायला यायच्या आदल्या दिवशी पोरगी माझ्याकडे येते. दवाखान्यात जायचंय म्हणून सगळं साफ करून. तुम्ही बघता ती माझी हनुवटी असते, तिची नव्हे.

मला तेव्हा माझी गोष्ट आठवली. एकोणिसाव्या वर्षी पाळी तीन-तीन महिने यायची नाही म्हणून आई मला एका डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. नाव सांगत नाही, गावही नाही. त्यांनी सोनोग्राफीचा कागद बघितला, म्हणाल्या, पीसीओडी आहे, वजन कमी कर, लग्न झालं की होईल सगळं सुरळीत. केसांबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सांगणार कशी? आदल्या संध्याकाळी मावशीनं हनुवटी काचेसारखी करून दिली होती. मी चांगली दिसत होते. दवाखान्यात चांगलं दिसण्याची आपल्याला एवढी हौस का असते, कुणास ठाऊक.

मी हे दोघींना सांगितलं. वहिनीनं कपाळाला हात लावला.

वहिनी : लग्न झालं की सुरळीत! यात आमच्या लोकांचा दोष आहे, तो मी झाकत नाही. नावातही घोळ आहे. पीसीओडी म्हणा की पीसीओएस, त्यात सिस्ट म्हटलं की बाईला वाटतं गाठी झाल्या, ऑपरेशन करावं लागणार. त्या गाठी नसतातच. पूर्ण न वाढलेली, मध्येच अडकलेली बीजांची पुटकं असतात ती. १९३५ला शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथॉल यांनी सात बायकांवर लिहिलं होतं: पाळी नाही, अंगावर केस, अंडाशय मोठे. तेव्हापासून सगळ्यांची नजर अंडाशयावर खिळली. २००३ला रॉटरडॅमला निकष ठरले, तीनपैकी दोन हवेत: पाळी अनियमित, पुरुषी संप्रेरक जास्त, सोनोग्राफीत तसे अंडाशय. म्हणजे पाळी अनियमित असेल आणि केस खरोखर राठ असतील, तर सोनोग्राफीशिवायही निदान होतं. हिचे केस बघितले असते तर तेव्हाच झालं असतं.

मावशी : म्हणजे माझ्या दोऱ्यानं निदान कापून टाकलं.

वहिनी : तुमच्या दोऱ्यानं नाही. आम्ही विचारलं नाही म्हणून.

मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतल्या डॉक्टरांनी १५ ते २४ वयाच्या मुलींची पाहणी करून २०१४ला छापली होती, ती वहिनीला पाठ होती. रॉटरडॅमच्या निकषानं २२.५ टक्के मुलींना पीसीओएस. दुसऱ्या कडक निकषानं १०.७ टक्के. पट्टी बदलली की आकडा निम्म्याहून खाली येतो, ही गंमत मला वाटली. वहिनीला त्यात गंमत वाटत नव्हती. जगभरात पीसीओएस असलेल्यांतल्या सत्तर टक्क्यांपर्यंत बायकांना आपल्याला हे आहे ते कळतच नाही असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, ती म्हणाली. मावशीनं आकडे सोडून दिले आणि तिला खरं जे विचारायचं होतं ते विचारलं.

मावशी : एक सांग. ज्या पोरींच्या हनुवटीला केस, त्यांतल्या बऱ्याच जणींची मान मागनं काळी असते. मळ नव्हे. आया घासतात, बेसन लिंबू लावून लावून कातडं सोलतं, पण जात नाही. हे दोन्ही एकत्र का येतं? सव्वीस वर्षं बघायलेय मी.

वहिनी : मावशी, हा प्रश्न तुम्ही वीस वर्षांपूर्वी कुणाला तरी विचारायला हवा होता.

मावशी : कुणी येतं का माझ्याकडे सांगायला?

वहिनी : ती काळी, मखमलीसारखी जाड मान म्हणजे अंगात इन्सुलिन जास्त झाल्याची खूण. शरीर इन्सुलिनला जुमानत नाही, म्हणून स्वादुपिंड आणखी बनवतं. ते जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरक बनवायला लावतं. वर आणखी एक. यकृतात एक प्रथिन तयार होतं, ते रक्तातलं टेस्टोस्टेरॉन धरून ठेवतं. इन्सुलिन वाढलं की ते कमी होतं आणि टेस्टोस्टेरॉन मोकाट सुटतं. मान आणि हनुवटी म्हणजे एकाच भांडणाच्या दोन बाजू. त्या पोरीची साखर तपासायला पाहिजे. आणि सडपातळ आहे म्हणून सोडायचं नाही; आपल्याकडे बारीक पोरींतही हे असतं.

मावशीनं हळूच माझ्या मानेकडे बघितलं. मी केस पुढे घेतले.

वहिनी : आणि पाळी चार-चार महिने आली नाही तर बायकांना वाटतं, कटकट वाचली. गर्भाशयाचं आतलं अस्तर मात्र साचत जातं. वर्षानुवर्षं तसं राहिलं तर पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून मी म्हणते, केस ही चिठ्ठी आहे. तुम्ही वाचायच्या आधी फाडून टाकता.

मावशी : चिठ्ठी तिच्या तोंडावर लिहिलीय डॉक्टरीणबाई. सगळा गाव वाचतो ती.

‘डॉक्टरीणबाई’ हा शब्द मावशी रागावल्यावरच वापरते. मी उठून माठातलं पाणी आणलं.

पाणी पिऊन मावशीनं कप्प्यातून तिची वही काढली, चष्मा लावला. उभी, लाल कापडी पाठीची, किराणावाल्यांकडे असते तशी. डावीकडे नाव, मग काम, मग तारीख, मग पैसे. उधारी लक्षात राहावी म्हणून ठेवलेली. तिला वहिनीला एवढंच दाखवायचं होतं की तिचा धंदा किती आहे आणि मशीनचे हप्ते कसे निघतील. वहिनीनं वही हातात घेतली आणि पैशांचा रकाना सोडून तारखा वाचायला लागली.

वहिनी : ही कोण? ऑगस्टात महिन्यानं आली. नोव्हेंबरात पंधरा दिवसांनी. मार्चपासून दर सहा दिवसांनी. आणि नुसती हनुवटी होती, आता गाल, गळा, छाती.

मावशी : ती होय. गणवेशाच्या कारखान्यात आहे. चांगली पोरगी. वाढलेत तिचे फार.

वहिनी : सहा-आठ महिन्यांत एवढे? आणखी काही फरक पडलाय का तिच्यात?

मावशी : डोक्यावरचे विरळ व्हायलेत, इथं कानशिलाकडे. आवाजही घोगरा झालाय. मी म्हटलं सर्दी असेल.

वहिनीनं वही मिटली.

वहिनी : तिला फोन लावा. आत्ता.

पीसीओएसचे केस वयात आल्यापासून हळूहळू वाढतात, वर्षं घेतात. काही महिन्यांत झपाट्यानं वाढले, आवाज फुटला, डोक्यावरचे पुरुषांसारखे गळायला लागले, तर अंडाशयात किंवा अधिवृक्क ग्रंथीत संप्रेरक बनवणारी गाठ नाही ना हे आधी बघायचं असतं. असेलच असं नाही. जन्मतःच एखाद्या विकराची कमतरता असते, ती उशिरा उघडकीला येते. त्याची रक्तचाचणी वेगळी, सकाळची. कुणी स्टेरॉइड घेत असतं. पण या पोरीला थांबायला सांगायचं नसतं. हे सगळं वहिनी सांगत होती तोवर मावशीनं तीनदा फोन लावला. कारखान्यात फोन बाहेर ठेवावे लागतात. उचलला नाही.

त्या वहीत आणखी काय काय असेल असं मला वाटलं. पार्लरवाल्या बाईकडे पोरींच्या अंगाची जी नोंद असते ती कुठल्या केसपेपरवर नसते.

नंतरचा वाद मशीनचा. तो थोडा खालच्या पट्टीत झाला, कारण दोघींचं लक्ष फोनकडे होतं.

वहिनी : लेझर वाईट नाही मावशी. मी स्वतः बायकांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवते. फक्त ते कसं चालतं ते कळलं पाहिजे. लेझरचा उजेड काळा रंग शोधतो. केसातल्या काळ्या रंगात तो शिरतो, तापतो आणि मूळ भाजतो. १९८३ला बोस्टनच्या अँडरसन आणि पॅरिश यांनी हे सूत्र मांडलं: हवं तेवढंच तापवायचं, शेजारचं नाही. आता बाहेर उन्हात लावलेल्या माझ्या स्कूटीचं सीट बघा. काळं आहे म्हणून तापलंय, शेजारची पांढरी पायरी तेवढी तापलेली नाही. गोऱ्या कातडीवर काळा केस असेल तर काम सोपं. आपली कातडीच सावळी. उजेडाला केस कुठला आणि कातडी कुठली कळत नाही, म्हणून डाग पडतात, फोड येतात. आपल्यासाठी लांब लहरींचं लेझर बरं, १०६४ नॅनोमीटरचं, ते कातडीच्या वरच्या थराला कमी दुखवून खोल जातं. या तुमच्या कागदावर लहर लिहिलीच नाही.

मावशी : तो म्हणाला, सगळ्या स्किनला चालतं.

वहिनी : आणि उन्हानं काळवंडलेल्या चेहऱ्यावर करू नये म्हणतात. एप्रिलात सोलापुरात कुणाचा चेहरा काळवंडलेला नसतो?

मावशी : बरं, पण दोरा आणि लेझर दोन्ही ठेवलं तर?

वहिनी : तिथंच गंमत आहे. लेझरला मुळाशी केस लागतो. तुम्ही दोऱ्यानं तो उपटून काढला तर लेझर जाळणार काय? आधी चार-सहा आठवडे दोरा, वॅक्स, चिमटा सगळं बंद. मध्ये फक्त रेझर.

मावशी : रेझर? पोरीच्या तोंडाला? दाट येतील!

वहिनी : येत नाहीत. १९२८ला मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या बाईंनी मोजून दाखवलंय. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून खरखरीत लागतं, एवढंच.

मावशीला हे पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही. बाळाला डाळीचं पीठ चोळलं की लव जाते यावरही तिचा तेवढाच विश्वास आहे. बाळाची लव आपोआप झडते हे तिला सांगून उपयोग नाही. प्रत्येक माणसाला एक-दोन चुकीच्या समजुती हक्कानं ठेवू द्याव्यात, असं माझं मत आहे.

वहिनी : शिवाय चेहऱ्यावर कमी ताकदीनं मारलेलं लेझर कधी कधी उलटतं. जिथं लव होती तिथं राठ केस उठतात, गालावर, जबड्याखाली. पीसीओएस असलेल्या, आपल्या वर्णाच्या बायकांत हे जास्त दिसतं.

मावशी : बघितलंय. एक जण बाहेर कुठंतरी करून आली. हनुवटीचे गेले आणि गालावर आले. मला म्हणाली, मावशी, हे कुठनं आले? मी काय सांगणार, मला वाटलं ती क्रीम काहीतरी लावत असेल.

वहिनी : आणि दोन दिवस शिकवून यंत्र विकणारी माणसं नवीन नाहीत. १८९६ला व्हिएन्नात फ्रॉइंड नावाच्या डॉक्टरनं एक्स-रेनं केस जातात हे दाखवलं. एक्स-रे सापडून जेमतेम वर्ष झालं होतं. पुढे १९२०च्या दशकात अमेरिकेत ट्रायको नावाचं यंत्र निघालं, ते थेट ब्युटी पार्लरांत बसवलं. दुखत नाही, डाग नाही, केस गायब. बायकांच्या रांगा लागल्या. काही वर्षांनी त्याच हनुवट्यांवर जखमा, आणि कितीजणींना कर्करोग.

मावशीनं माहितीपत्रक उलटं ठेवलं.

मावशी : मग कायमचं म्हणजे काय? हा शब्द खोटाच का?

वहिनी : अर्धा खरा. अमेरिकेचं औषध खातं लेझरला कायमची केसमुक्ती म्हणू देत नाही, कायमची घट म्हणू देतं. जळलेलं मूळ मेलं ते मेलं. पण आपल्या चेहऱ्यावर लवेची मुळं पडून आहेत. आत संप्रेरक जास्त असेल तर त्यातली नवी जागी होत राहतात. म्हणून पीसीओएस असेल तर सहा-आठ बैठकांनंतरही वर्षाकाठी एखाद-दुसरी लागते. केस गेला, पण कारखाना चालू. खरं कायमचं म्हणावं अशी एकच पद्धत, सुईची. एकेका केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून वीज सोडायची. १८७५ला सेंट लुईसच्या एका डोळ्याच्या डॉक्टरनं काढली, डोळ्यात टोचणाऱ्या पापण्यांसाठी. वेळ फार लागतो, हात चांगला लागतो.

मावशी : माझ्या या पांढऱ्यांना?

मावशीनं हनुवटी वर केली. तीन पांढरे, ताठ केस. पाळी गेल्यानंतर आलेले. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे काढणाऱ्या बाईचे स्वतःचे कुणी काढत नव्हतं.

वहिनी : लेझरला दिसतच नाहीत ते, रंगच नाही. सुईनंच जातील. किंवा चिमट्यानं. मी काढून देते.

आणि तिनं खरंच चिमटा घेतला. एक स्त्रीरोगतज्ज्ञ माझ्या मावशीच्या हनुवटीचे केस काढत होती आणि दोघींची तोंडं चालूच होती.

मावशी : आता तू सांग. तुझ्या गोळ्यांनी पोरीची हनुवटी साफ होते का?

वहिनी : नाही.

मावशी : नाही?

वहिनी : एकदा लवेचा राठ केस झाला की संप्रेरक खाली आणलं तरी तो सहसा परत लव होत नाही. पाळीच्या गोळ्या, केसांवरचं पुरुषी संप्रेरक अडवणारी औषधं, यांनी नवे येणं थांबतं, आहेत ते बारीक होतात, वाढ मंदावते. तेही सहा महिन्यांनी दिसायला लागतं. ती दुसरी औषधं घेताना दिवस जाऊन चालत नाही, पोटात मुलगा असेल तर त्याच्या वाढीवर परिणाम होतो. म्हणून सोबत गोळी. मेटफॉर्मिननं पाळीला, साखरेला मदत होते, केसांना फारशी नाही. वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के उतरलं तरी पाळी सुधारते. पण जे उगवलंय ते काढावंच लागतं.

मावशी : म्हणजे पातेलं.

वहिनी : पातेलं.

मी मध्ये काही बोलले नाही. पण मला एकोणिसाव्या वर्षी कुणी एवढंच सांगितलं असतं की गोळ्या चालू कर, सहा महिने धीर धर आणि तोवर दोरा बिनधास्त चालू ठेव, तर मी त्या गोळ्या दोन महिन्यांत टाकून दिल्या नसत्या. ‘केस काही गेले नाहीत’ म्हणून टाकल्या मी. कुणी म्हटलंच नव्हतं की त्यांनी जायचं नसतं.

साडेपाचला लाइट आली. रविवारी चुलतभावाचं लग्न होतं आणि मी मुळात दोरा फिरवून घ्यायलाच आले होते. खुर्चीत बसले तर वहिनी म्हणाली, आज करू नकोस. तशीच राहा, सोमवारी ये, नीट बघते, रक्त घेते, साखर घेते.

मावशी : आणि लग्नात काय स्कार्फ बांधून जाऊ दे?

वहिनी : मावशी, मला बघायचंय ते.

मावशी : थांब.

तिनं स्वतःचा मोबाइल घेतला, माझी हनुवटी धरून खिडकीच्या उजेडाकडे वळवली आणि फोटो काढला. मग डावीकडून. मग गळ्याखाली ओढणी सरकवून. तेरा वर्षांत माझ्या हनुवटीचा तिच्या खऱ्या रूपातला पहिला फोटो. ‘पाठवला,’ मावशी म्हणाली, ‘हा घे तुझा केसपेपर.’ वहिनीच्या पर्समध्ये टिंग वाजलं. वहिनीनं दोन बोटांनी तो मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिली. मला लाज वाटेल असं वाटलं होतं, वाटली नाही.

मावशीनं पावडर लावली, दोरा तोडला, टोक दातात धरलं. कर्र-कर्र सुरू झालं. डाव्या डोळ्यातून नेहमीसारखं पाणी आलं. आणि फोन वाजला.

कारखाना सुटला होता. मावशीनं दातातला दोरा सोडला, ओला हात पदराला पुसला आणि फोन कानाला लावला.

‘हां बाळा. नाही गं, उधारीचं नाही. ऐक. तुला शेवटची पाळी कधी आली होती?’

माझी हनुवटी अर्धीच राहिली होती.